गुडघ्याची वाटी आणि मांडीची ओढ

गेल्या दोन महिन्यांत गुडघ्यांविषयी आलेली पत्रं वेगळी काढून ठेवली होती. त्यातली बरीचशी 'वाटी'ची निघाली. म्हणजे गुडघ्याच्या आत नाही, पुढे दुखतं. सपाटीवर चालताना फारसं नाही, पण जिना, उतार, उकिडवं बसणं आणि एसटीत पाय मुडपून तासभर काढणं नको होतं. या दुखण्यात मांडीचे स्नायू वाटीला कुठल्या दिशेने ओढतात याला मोठं महत्त्व आहे, म्हणून या वेळी तीच पत्रं घेते.

मी शिक्षिका आहे, वय ३४, वजन ६० किलो. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे. वर्षभरापासून जिना उतरताना दोन्ही वाट्यांच्या मागे दुखतं. पेपर तपासायला बसले की उठताना गुडघे धरतात. तपासणीच्या कागदावर 'क्यू अँगल २१ अंश' असं लिहिलंय. बायकांचा कंबरेचा भाग रुंद, त्यामुळे हा कोन मोठा असतो आणि दुखणं राहणारच, असं मला सांगितलं. हाडांची ठेवण बदलत नाही, मग ताई, मी व्यायाम तरी कशाला करू?
– एक वाचक, कराड

व्यायाम करा, आणि मन लावून करा. तुमच्या दुखण्यातला जो भाग बदलता येतो तो त्या २१ अंशांपेक्षा बराच मोठा आहे. कसा ते नीट सांगते, कारण हा आकडा हातात घेऊन हताश झालेल्या बायका माझ्याकडे येतात आणि मला फार वाईट वाटतं.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट असतो, क्वाड्रिसेप्स. चारही खाली येऊन वाटीला धरतात. वाटीच्या खालच्या टोकापासून एक जाड पट्टा निघतो आणि नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याला जोडला जातो. गुडघ्याखाली बोट फिरवलंत तर तो टणक उंचवटा लागेल. आता मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ खाली येत नाही, तिरकं आत येतं. स्नायूही त्याच रेषेत असतात. नडगी मात्र जवळजवळ उभी. म्हणजे वाटीला वरून होणारी ओढ बाहेरच्या बाजूला तिरकी आणि खालून होणारी बरीचशी सरळ. या दोन ओढींच्या रेषांमधला कोन म्हणजे क्यू अँगल. स्वीडनचे शल्यविशारद ब्राटस्ट्रोम यांनी १९६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुरुषांमध्ये तो साधारण १० ते १५ अंश आणि बायकांमध्ये १५ ते १८ अंश असतो असं पुस्तकांत दिलेलं असतं.

विहिरीच्या रहाटावरचा दोर बाजूला उभं राहून ओढला, तर तो चाकाच्या खोबणीत मधोमध न राहता एका काठाला घासत राहतो. वाटीचं तसंच होतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खोबण आहे, तिच्यातून वाटी वर-खाली सरकते. कोन मोठा असला की ती बाहेरच्या काठाकडे ओढली जाते. शरीराने याची सोयही करून ठेवली आहे. खोबणीची बाहेरची भिंत आतल्या भिंतीपेक्षा उंच असते. आतल्या बाजूच्या स्नायूचे खालचे तंतू जवळपास ५० अंशांनी तिरके येऊन वाटीला आत धरतात. आणि आतून एक स्नायुबंधही तिला बांधून ठेवतो.

आता थोडं गणित. स्नायूची ओढ १०० किलो धरा. कोन १५ अंश असेल तर वाटीला बाहेर ओढणारं बळ साधारण २६ किलो होतं. २० अंशांना ते ३४ किलो. आठ किलोंचा फरक पडला. पण तीच १०० किलोंची ओढ, गुडघा ६० अंश वाकलेला असताना, वाटीला मागे खोबणीत दाबते ती ढोबळमानाने १०० किलोंनी. हा दाब कोणाचाही चुकत नाही, कोन कितीही असो. सपाटीवर चालताना वाटीवर वजनाच्या निम्मा दाब येतो, तुमच्या बाबतीत सुमारे ३० किलो. जिन्यावर तो वजनाच्या तिप्पट-सव्वातिप्पट होतो, म्हणजे २०० किलोंच्या आसपास. वाटीच्या मागचा कूर्चेचा, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराचा, थर शरीरातल्या सगळ्यांत जाड थरांपैकी आहे, काही ठिकाणी तो पाच मिलिमीटरांच्याही वर असतो. कारण हे सगळं त्याला सोसायचं असतं.

मग कोनाला अर्थ काय? अर्थ असा, की हे २०० किलो किती जागेवर पसरतात ते ओढीच्या दिशेवर ठरतं. वाटी मधोमध असेल तर दोन्ही बाजूंनी टेकते. बाहेर ओढली गेली तर तेवढंच वजन बाहेरच्या अरुंद पट्टीवर येतं आणि दर चौरस सेंटिमीटरमागचा दाब वाढतो. १९८४ साली मृतदेहांच्या गुडघ्यांवर झालेला एक प्रयोग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. त्यात क्यू अँगल मुद्दाम दहा अंशांनी वाढवला आणि नंतर दहा अंशांनी कमी केला. दोन्ही वेळा वाटीमागचा कमाल दाब वाढला. कोन जितका लहान तितकं चांगलं असं काही नाही. प्रत्येक गुडघ्याची आपली खोबण, आपली ओढ, आणि त्यांचा आपसातला मेळ.

तुमच्या २१ अंशांबद्दल आणखी एक. हा कोन मोजताना आम्ही तीन ठिपके काढतो: कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकावर, वाटीच्या मधोमध आणि नडगीच्या उंचवट्यावर. वाटीचा मध्य ते उंचवटा हे अंतर जेमतेम सात सेंटिमीटर. खालचा ठिपका अर्धा सेंटिमीटर सरकला की कोन चार अंशांनी बदलतो. तुम्ही झोपला होतात की उभ्या होतात, मांडी आवळलेली होती की सैल, पावलं कुठे वळलेली होती, यानेही आकडा फिरतो. म्हणून १७ आणि २१ यांच्यात मी फारसा जीव गुंतवत नाही. कंबरेच्या रुंदीचं म्हणाल, तर सारख्या उंचीच्या बायका आणि पुरुष मोजले तेव्हा त्यांचे कोन जवळपास सारखे आले. फरकाचा बराच भाग उंचीचा होता. आणि मोठा कोन असलेल्या कितीतरी जणींचे गुडघे आयुष्यात कधी दुखत नाहीत.

मी काय बघते ते सांगते. आरशासमोर एका पायरीवर उभ्या राहा, साधारण १५-२० सेंटिमीटर उंच. साडी-पंजाबी नको, गुडघे दिसले पाहिजेत. एक पाय पायरीवर, दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली जमिनीला टेकवा आणि परत वर या. टेकताना वरच्या पायाचा गुडघा बघा. तो अंगठ्याच्या शेजारच्या बोटाच्या रेषेत राहतो, की अंगठ्याच्याही आत पडतो? कंबर एका बाजूला कलते का? बहुतेकींचा गुडघा आत पडतो. त्या क्षणी आत काय होतं ते लक्षात घ्या: वाटीला क्वाड्रिसेप्सने जागेवर धरलेलं असतं, आणि तिच्याखालून मांडीचं हाडच आत वळतं. खोबणच सरकते. टेबलावर झोपून मोजलेल्या कोनात हे दिसतच नाही. मांडीच्या हाडाला आत वळू न देणं हे काम खुब्याच्या मागच्या आणि बाजूच्या स्नायूंचं, म्हणजे कुल्ल्याच्या स्नायूंचं. ते बळकट करता येतात, आणि गुडघा रेषेत ठेवण्याची सवयही लावता येते.

तेव्हा असं करा. कुशीवर झोपा, पाठ भिंतीला टेकवा, वरचा पाय सरळ ठेवून टाच भिंतीला घासत वर न्या. दहा-बारा वेळा, दम घेऊन तीनदा. मग उताणं झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणं, योगवर्गात सेतुबंध करतात तसं. मग खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठणं आणि त्याहून सावकाश बसणं, गुडघे बोटांच्या रेषेत. महिन्याभराने पायरीचा वरचाच प्रकार व्यायाम म्हणून. आठवड्यातून तीन दिवस पुरे. नुसतं खुब्यावर किंवा नुसतं मांडीवर काम करण्यापेक्षा दोन्हींवर एकत्र केलेलं काम जास्त लागू पडतं, याबद्दल जगभरच्या अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. व्यायामात दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर चालेल. त्याहून जास्त दुखलं तर वेळा कमी करा, बंद करू नका. फरक दिसायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. तोवर मुख्याध्यापकांना सांगून एका सत्रासाठी खालचा वर्ग मागून घेता आला तर जरूर घ्या. शाळेचा जिना दिवसातून दहा वेळा चढणं-उतरणं हा तुमच्या गुडघ्यांवरचा सगळ्यांत मोठा बोजा आहे, आणि तो कोनात मोजला जात नाही.

मी सोळा वर्षांची आहे, कबड्डी खेळते. मागच्या महिन्यात चढाईत वळताना डाव्या गुडघ्याची वाटी बाहेर गेली आणि पाय सरळ केल्यावर आपोआप बसली. गुडघा टम्म सुजला होता, आता सूज उतरली आहे. सर म्हणतात मांडी भरली की वाटी हलणार नाही, जिममध्ये जा. आई म्हणते खेळ बंद. मी काय करू?
– एक खेळाडू, सांगली जिल्हा

आधी गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखव, आणि जिम त्यानंतर. दुखापतीनंतर गुडघा टम्म सुजला म्हणजे आत रक्त जमलेलं असण्याची शक्यता असते. वाटी बाहेर जाताना किंवा परत बसताना खोबणीच्या काठावर आपटते आणि कधी कधी कूर्चेचा हाडासकट एक तुकडा सुटतो. तो आत फिरत राहिला तर पुढे गुडघा अडकायला लागतो. एक्स-रे, आणि गरज वाटली तर एमआरआय, यासाठीच करायचा. सूज उतरली म्हणून हे टाळू नकोस.

आता तुझ्या सरांच्या म्हणण्याविषयी. ते काळजीने सांगतात आणि मांडी भरायला हवी हे खरंच आहे, पण नुसत्या ताकदीने वाटी जागेवर राहत नाही. चढाईत काय झालं ते आठव. पाऊल मॅटवर रोवलेलं, गुडघा किंचित वाकलेला, आणि सुटण्यासाठी तू अंग उलट दिशेला फिरवलंस. मांडीचं हाड आत वळलं, पण नडगी जागेवर. त्या क्षणी ओढीचा कोन एकदम वाढला आणि तुझ्या क्वाड्रिसेप्सने जोर लावला तो वाटीला बाहेरच घेऊन गेला. त्यात गुडघा सरळ असताना वाटी खोबणीच्या वर असते. खोबणीत ती शिरते साधारण वीस-तीस अंश वाकल्यावर. तोवर तिला धरून ठेवतो तो मुख्यतः आतल्या बाजूचा स्नायुबंध, आणि वाटी निसटली तेव्हा तो बहुतेक करून फाटलेला असतो. तुझी दुखापत नेमकी त्या पहिल्या काही अंशांतली आहे.

डॉक्टर आणखी काही गोष्टी बघतील: खोबण उथळ आहे का, वाटी नेहमीपेक्षा वर बसलेली आहे का, नडगीचा उंचवटा खोबणीच्या तुलनेत किती बाहेर आहे, तुझे सांधे एकूणच सैल आहेत का. शेवटचं तू घरी बघू शकतेस. कोपर किंवा गुडघा सरळ रेषेच्याही मागे वाकतो का? अंगठा मनगटाकडे दाबला तर हाताला टेकतो का? टेकत असेल तर डॉक्टरांना सांग. आणि हो, तुझा क्यू अँगल कोणी मोजून 'नॉर्मल आहे' म्हटलं तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. वाटी आधीच थोडी बाहेर सरकलेली असली की मधला ठिपकाच बाहेर जातो आणि कोन खोटाच लहान येतो. ज्यांच्या बाबतीत हा कोन सगळ्यांत जास्त कळायला हवा, त्यांच्यातच तो फसवतो.

पहिल्यांदाच निसटली असेल आणि तुकडा सुटलेला नसेल तर बहुतेकदा शस्त्रक्रिया न करता उपचार होतात. तुझ्या वयात परत निसटण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो, म्हणून घाई करायची नाही. कितीतरी खेळाडू यातून परत मैदानावर जातात. पण आधी सूज पूर्ण जायला हवी. मग गुडघा पूर्ण वाकायला आणि सरळ व्हायला हवा. मग मांडी आणि खुबा दुसऱ्या पायाइतके बळकट, मग एका पायावर उडी मारून गुडघा आत न पडता स्थिर उतरणं, आणि सगळ्यांत शेवटी मॅटवर वळण्याचा सराव. वळताना पाऊल रोवून अंग फिरवण्याऐवजी पावलासकट वळायचं, छोट्या पावलांनी. हे सरांकडूनच शिकून घे, ते चांगलं शिकवतील. आईला हे पत्र वाचायला दे.

वय ५२. दर रविवारी सिंहगड चढतो. चढताना त्रास नाही, उतरताना दोन्ही गुडघे पुढून दुखतात. जिममधल्या ट्रेनरने स्क्वॉट बंद करायला लावले, 'वाटी घासेल' म्हणाला, आणि बसून पाय सरळ करायच्या मशीनवर वजन वाढवायला सांगितलं. मशीनवर शेवटी पाय सरळ होताना जास्तच दुखतं.
– एक वाचक, पुणे

मशीनवर शेवटी दुखतं याला सरळ कारण आहे. बसून पाय सरळ करताना गुडघा जसजसा सरळ होतो तसतसा स्नायूला जास्त जोर लावावा लागतो, आणि त्याच वेळी वाटीचा खोबणीला टेकलेला भाग लहान लहान होत जातो. जोर वाढतो आणि जागा घटते. स्क्वॉटमध्ये उलट: जितकं खाली जाल तितका जोर वाढतो, पण टेकलेली जागाही वाढते. दोन्ही व्यायामांमधल्या दाबाची तुलना केली तर ४५ अंशांच्या आसपास हिशेब पालटतो. म्हणून उभं राहून करायचे व्यायाम सरळ पायापासून ४५ अंशांपर्यंत करा, म्हणजे अर्धा स्क्वॉट, खुर्चीच्या उंचीच्याही वर थांबायचं. मशीनवर करायचं असेल तर ९० पासून ४५ अंशांपर्यंतच, शेवटचा भाग सोडून द्या. दुखणं कमी झाल्यावर दोन्ही मर्यादा हळूहळू ओलांडा. दोन्ही व्यायाम आपापल्या टप्प्यात चांगले आहेत, तुमच्या ट्रेनरला हे दाखवा.

गड उतरताना क्वाड्रिसेप्स लांब होत होत ब्रेकचं काम करतो, आणि पायऱ्या उंच असल्या की गुडघा खोल वाकतो. पावलं छोटी टाका, उंच पायरीला तिरकं उतरा, हातात काठ्या घ्या. पुढचे दोन महिने चढून जा आणि उतरताना गाडीने या. गडावरून खाली येणाऱ्या जीप असतातच. त्यात कमीपणा मानू नका, चढ तुमच्या मांडीला हवाच आहे. आवाजाचं तुम्ही विचारलं नाही, पण या वयाचे लोक विचारतातच: वाटीत कटकट होते, पण दुखत नाही आणि सूज नाही, तर त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका.

आमच्याकडे भातशेती आहे. सासूबाई ५८ वर्षांच्या. लावणीच्या दिवसांत वाकून आणि उकिडवं बसून काम झालं की गुडघ्यांच्या पुढे ठणकतं, उठताना हाताने रेटावं लागतं. 'वंगण संपलं' असं सगळे म्हणतात. त्यांना जिम वगैरे शक्य नाही.
– एक वाचक, भोर तालुका

हे पत्र वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. कोनांच्या आणि यंत्रांच्या गोष्टी सांगणं सोपं, पण चिखलात उभं राहून दिवसभर रोपं लावणाऱ्या बाईला काय सांगायचं?

उकिडवं बसून उठताना वाटीवरचा दाब वजनाच्या सात-आठ पट होतो. एकदा पूर्ण बसल्यावर तो काहीसा वाटला जातो: मांडी पोटरीवर टेकते, आणि ९० अंशांच्या पुढे मांडीच्या स्नायूचा पट्टाही हाडावर टेकून भार घेतो. म्हणून बसून राहण्यापेक्षा बसणं आणि उठणं जास्त भारी पडतं. उठताना थकलेली बाई गुडघे एकमेकांकडे आत घेऊन रेटते, आणि मग सगळा भार वाटीच्या बाहेरच्या काठावर जातो. तेव्हा सासूबाईंना एवढं शिकवा: उठताना आधी पावलं खांद्यांइतकी लांब घ्यायची, गुडघे बाहेर, बोटांच्या दिशेला ठेवायचे, अंग पुढे झुकवायचं आणि मग उठायचं. अंग पुढे झुकलं की ओझं मांडीकडून कुल्ल्यांकडे जातं. त्यांना लगेच फरक जाणवेल.

घरातलं उकिडवं काम जितकं उंचावर नेता येईल तितकं न्या. भांडी आणि धुणं ओट्यावर, भाजी निवडायला पाटाऐवजी स्टूल, संडासात कमोड किंवा खुर्ची. शेतातलं बसणं टळणार नाही, मग निदान घरातलं तरी टळू दे. यासाठी घरातल्या बाकीच्यांनी कामं वाटून घ्यायला हवीत. हे मी सूनबाईंना सांगत नाही, घरातल्या पुरुषांना सांगते आहे. लावणीच्या आधीच्या दोन महिन्यांत, मे-जूनमध्ये, ओसरीच्या पायरीवर चढ-उतार, खाटेवरून उठ-बस आणि कुशीवरचा व्यायाम, एवढं रोज पंधरा मिनिटं. मांडी आधी तयार असली तर हंगाम सोसतो.

वंगणाचं म्हणाल, तर त्यांच्या वयात कूर्चेची थोडी झीज असेलही, पण मांडीचे स्नायू बळकट केले तर झिजलेल्या गुडघ्याचंही दुखणं कमी होतं. गुडघा वारंवार सुजत असेल, गरम लागत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा मध्येच अडकत असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्या.

आमचा सात वर्षांचा मुलगा जमिनीवर बसताना गुडघे पुढे आणि पावलं दोन्ही बाजूंना मागे टाकून बसतो. चालताना पावलं आत वळतात. पुढे गुडघे बिघडतील का?
– एक पालक, नाशिक

जन्मतः मांडीच्या हाडाला पुढच्या बाजूला सुमारे ४० अंशांचा पीळ असतो. मोठेपणी तो १५ अंशांच्या आसपास येतो. काही मुलांमध्ये तो उतरायला वेळ लागतो, आणि अशा मुलांना मांडी घालण्यापेक्षा तुम्ही लिहिलंत तसं बसणं सोयीचं वाटतं. बसण्यामुळे पीळ आला असं बहुधा नसतं, पीळ असल्यामुळे ते बसणं जमतं. बहुतेकांचा तो दहा-बारा वर्षांपर्यंत आपोआप कमी होतो, त्यासाठी खास बूट किंवा पट्टे लागत नाहीत. त्याला ओरडू नका, खेळू द्या. एकच पाय वळत असेल, लंगडत असेल, किंवा दुखतं म्हणून खेळ सोडून बसत असेल तर बालअस्थितज्ज्ञांना दाखवा. थोड्यांमध्ये हा पीळ मोठेपणीही राहतो आणि त्याच्या भरपाईला नडगी बाहेर वळते. तेव्हा वाटीवरची ओढ खरोखर तिरकी होते आणि ती हाडाची गोष्ट असते, व्यायामाला मर्यादा पडतात. पण सातव्या वर्षी त्याची चिंता नको.

सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करतोय. यवतेश्वर घाट उतरताना उजव्या वाटीच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. बूट बदलून झाले.
– एक धावपटू, सातारा

पावलं मोजा. मिनिटाला किती पडतात? १६० पडत असतील तर वेग तोच ठेवून १७०-१७५ पर्यंत न्या. पावलांची संख्या दहा टक्के वाढवली तर वाटीवरचा कमाल दाब साधारण १४ टक्क्यांनी कमी होतो, असं धावपटूंवरच्या मोजमापांत दिसलं आहे. पाऊल छोटं पडतं, शरीराच्या खाली पडतं, गुडघा कमी वाकतो. आधी सपाटीवर पाच टक्क्यांनी वाढवा, मग घाटात. उतरताना मागे रेलण्याची सवय असते, ती सोडून अंग घोट्यांपासून किंचित पुढे ठेवा. कोणाला तरी मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि सावकाश चालवून बघा: उजवं पाऊल टेकलं की डावीकडे कंबर पडते का, गुडघे एकमेकांना घासून जातात का? तसं असेल तर वर शिक्षिकेला सांगितलेले खुब्याचे व्यायाम तुमचेही आहेत. आणि घाट आठवड्यात एकदाच, तोही चढून. उतरणं पंधरा-पंधरा दिवसांनी वाढवा.

नीकॅप वापरावी का? आणि आतल्या बाजूच्या मांडीचा स्नायू वेगळा वाढवायचा व्यायाम कोणता?
– एक वाचक, बेळगाव

तो एक स्नायू वेगळा काढून वाढवता येत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत यावर फार भर होता, मीही शिकताना तेच शिकले. पण चारही स्नायूंना मेंदूचा हुकूम एकत्रच जातो, कुठल्याही व्यायामात एकटा आतला स्नायू कामाला लागत नाही. सगळी मांडी बळकट करा, आतला भागही त्यात भरतो. ऑस्ट्रेलियाच्या फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ मध्ये वाटी आत ओढून चिकटपट्टी लावण्याची पद्धत मांडली. तिने काही दिवस दुखणं कमी होतं आणि तेवढ्या अवधीत व्यायाम करता येतो, म्हणून मी ती वापरते. वाटीची जागा त्याने कायमची बदलत नाही.

नीकॅपचंही तसंच. प्रवासात, जिन्याच्या दिवशी, लग्नाच्या धावपळीत बरं वाटत असेल तर घाला. वाटीच्या जागी गोल भोक असलेली मिळते ती घ्या, म्हणजे वाटीवर थेट दाब येत नाही. पोटरीवर वळ उठत असतील किंवा पाऊल सुजत असेल तर एक नंबर मोठी घ्या, आणि रात्री झोपताना काढून ठेवा.